लच्छूअण्णांची विलायती पेटी

लच्छूअण्णा दार सातात वाजवायचे. टक टक टक, टक टक, टक टक. आधी तीन, मग दोन, मग दोन, की थांबले. आतून आपण विचारावं, "कोण आहे?" तर बाहेर चिडीचूप. पुन्हा ओरडावं, "अहो, कोण आहे?" तरी उत्तर नाही. शेवटी हाताला कणीक तशीच घेऊन कोपरानं कडी काढावी, तर समोर हे उभे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर स्वतःच्या मागावरचा टॉवेल आणि तोंडभर हसू. "अहो अण्णा, तोंडानं नाव सांगायला काय झालं?" असं मी कितीदा करवादले असेन. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "वैनी, दार वाजवल्यावर पुढं काय होतंय ते मला अजून ठाऊक नाही. ठाऊक झालं की बोलतो."

मी सांगोल्याची. लग्न होऊन सोलापुरात त्यांच्या समोरच्या घरात आले, तेव्हा मला वाटलं या माणसाचा एखादा स्क्रू ढिला असावा. पुढं ओळख वाढली आणि कळलं, की ढिला वगैरे काही नाही, तो मुळात बसवलेलाच नाही. माणूस मात्र लाखातला. तेलुगू घर, तीन पिढ्या सोलापुरात, टॉवेलचे माग. मराठी फर्डं बोलायचे, फक्त त्यात स्त्रीलिंग-पुल्लिंगाची भानगड ठेवलेली नव्हती. ट्रक आली, बस गेला, आणि माझ्या सासूबाई 'फार चांगला होता'. सासूबाईंनाही ते आवडायचं. त्यांना घरात एवढा मान कुणी दिला नव्हता.

आता त्या दार वाजवण्यामागची गोष्ट. अण्णा तरुणपणी एका गिरणीत यंत्रदुरुस्ती शिकत होते, तेव्हा तिथं नवं यंत्र बसवायला एक गोरा इंजिनियर आला होता. जाताना त्यानं अण्णांना एक कॅसेट दिली, घरी भरलेली. त्यावर एका विलायती बँडचं गाणं होतं. बँडचं नाव 'मार्बल अंब्रेला'. अण्णांनी त्याचं मराठी करून ठेवलं होतं, संगमरवरी छत्री. शकुंतलाबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आत्ता गं बया! पावसात डोक्यावर धरली तर मान मोडंल की!"

शकुंतलाबाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचा आवाज असा, की मारुतीच्या देवळात लाउडस्पीकर आहे तो त्यांच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. त्यांनी अण्णांना विचारलं, "पण ह्ये गाणं हाय कसलं? भावगीत का लावणी?"

"प्रोग्रेसिव्ह रॉक," अण्णा म्हणाले.

"म्हंजे?"

अण्णांनी विचार केला. "प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगतिशील. रॉक म्हणजे दगड."

"प्रगतिशील शेतकरी ऐकलाय मी," शकुंतलाबाई म्हणाल्या, "ह्ये दगडाचं नवीनच."

या प्रगतिशील दगडाचं लक्षण असं, की एक गाणं सुरू झालं की कुकरच्या शिट्ट्या व्हाव्यात, भात खाऊन व्हावा, ताटं घासून पालथी पडावीत, तरी गाणं आपलं चालूच. मध्ये गाणारा दमून बाहेर जातो बहुतेक, कारण बराच वेळ नुसतीच वाद्यं वाजतात. अण्णांच्या कॅसेटवरच्या गाण्यात एक गोष्ट होती. एक माणूस घर सोडून निघतो. नदी ओलांडतो, डोंगर ओलांडतो, एका उंच मनोऱ्याशी पोचतो. पायऱ्या चढतो, चढतो, चढतो. (इथं वाद्यं इतकी चढतात की आपल्याला धाप लागते.) वर एक बंद दार असतं. माणूस दार वाजवतो. टक टक टक, टक टक, टक टक. आणि—

खट्! कॅसेटची बाजू संपली. गाणं कॅसेटपेक्षा लांब होतं. पलटून दुसरी बाजू लावावी तर तिथं भलतंच काहीतरी. इंजिनियर केव्हाच आपल्या देशी परतलेला. दार उघडलं का, आत कोण होतं, कशाचा पत्ता नाही. अण्णांचा उभा जन्म त्या दाराबाहेर गेला.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळं मिळतं हल्ली. आम्हीही म्हणालो. त्यांच्या लेकीनं, रेणुकानं, हैदराबादहून धुंडाळून पाठवलंही, पण ते निघालं कापलेलं. त्यातला माणूस नदीपर्यंतच जायचा आणि परत यायचा. छत्रीवाल्यांची आपसात भांडणं लागून अख्खं गाणं म्हणे कुठल्या तरी कपाटात कुलपाखाली पडलं होतं. "भावाभावांत वाटणी झाली नाही की असंच होतंय," अण्णा सुस्कारा सोडत म्हणायचे. "आपल्याकडं विहीर अडकतो, त्यांच्याकडं गाणं अडकला."

दारामागं कोण, यावर आमच्या गल्लीत मतं ठाम होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, देव. शकुंतलाबाईंचं म्हणणं, "देव कशाला मनोऱ्यात बसतोय? घरमालक असणार. भाडं थकलं असंल." मला आपलं वाटायचं, दारामागं त्याची बायको असणार आणि ती विचारणार, इतके दिवस होता कुठं? अण्णा सगळ्यांचं मन लावून ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "असंल. असंल की. पण ऐकल्याशिवाय कसं बोलायचं?" म्हणून ते कुणाच्याही दाराबाहेर गप्प उभे राहायचे. त्या माणसाला दार उघडून मिळालं नव्हतं, तोवर यांनी आपलं नाव सांगायचं म्हणजे त्याच्या पुढं गेल्यासारखं व्हायचं, असं त्यांना वाटे. घ्या!

यात खरे हाल अनसूयाक्कांचे. अक्का म्हणजे अण्णांची बायको. बारीक अंगाची, तिखट जिभेची, आणि हट्टात नवऱ्याच्या तोडीस तोड. त्यांचं म्हणणं, नाव सांगा, मग दार उघडते. रोज संध्याकाळी माग बंद करून अण्णा घरी यायचे, सातात दार वाजवायचे, आतून अक्का ओरडायच्या, "कोण आहे?" आणि मग दोन्हीकडून मौन. आम्ही समोर ओट्यावर शेंगा सोलत बसायचो आणि कोण हरतंय ते बघायचो. बहुतेक वेळा अक्काच हरायच्या. धाडकन दार उघडायचं, "या. चहा गार झाला," असं तोफेच्या गोळ्यासारखं वाक्य यायचं आणि दार बंद. सोलापुरातलं एकमेव घर, जिथं यजमानाला रोज गार चहा मिळायचा आणि तो तक्रार करायचा नाही.

त्यांचा एक मागही तसलाच. कुठल्या तरी दातेरी चाकात बिघाड होता, त्यामुळं तो चालताना लंगडायचा. खटक-खटक-खटाक, खटक-खटाक, खटक-खटाक. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला अण्णांनी अक्षरशः हाकलून दिलं. "सातात चालतोय रे तो, हात लावू नको!" त्या मागावरच्या टॉवेलला कडेची एक पट्टी वाकडी यायची. असले टॉवेल बाजारात कोण घेणार? ते गल्लीत वाटले जायचे. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं वाकड्या पट्टीनं अंग पुसलं.

आणि एक दिवस सकाळी नळावर, हंडे-कळशांच्या गर्दीत, अण्णा आनंदानं फुटायच्या बेतात येऊन उभे राहिले. "पेटी येणार! माझा पेटी येणार विलायतेहून!"

इथं मला आमच्या मंडळाच्या पेटीविषयी सांगायला हवं. मंडळात पेटी वाजवते मी. म्हणजे वाजवायची कसली, तिच्याशी झटायची. भात्याच्या घड्या फाटलेल्या. भाता ओढला की आधी फुस्स व्हायचं, मग सूर. 'जय जय राम कृष्ण हरी' म्हणताना प्रत्येक 'जय'च्या आधी फुस्स. बघणाऱ्याला वाटावं, बाई पेटी वाजवत नाही, स्टोव्ह पेटवतेय. नव्या पेटीसाठी आम्ही देवाला आणि नगरसेवकाला सारख्याच श्रद्धेनं विनवलं होतं, आणि दोघांनीही सारखंच ऐकलं होतं.

त्यामुळं 'पेटी' म्हटल्याबरोबर शकुंतलाबाईंची घागर नळाखाली वाहू लागली. "विलायती पेटी? खरंच? सूर कसा हाय तिचा?"

"सूर काय विचारता बाई! त्यांच्या अख्ख्या जन्माचे सगळे सूर त्यात घातलेत."

"आणि वाजवायला अवघड असंल?"

"अवघड कशाचं? बटण दाबलं की वाजतो."

"आपोआप?" मी विचारलं. माझ्या दुखऱ्या मनगटानं विचारलं म्हणा.

"आपोआप!"

"मग मंडळाला ऐकवणार का?" शकुंतलाबाईंचा आवाज चक्क हळू झाला होता.

अण्णांचे डोळे भरून आले. आजवर या माणसाला त्याचं गाणं आपणहून मागून ऐकणारा दुसरा माणूस मिळाला नव्हता. स्वतःची लेकसुद्धा नदीच्या पुढं आली नव्हती. "ऐकवणार का म्हणजे? तुमच्यासाठीच म्हणा की! एकादशीला देवळातच आणतो!"

झालं. कुणी कुणाला आडवं काही विचारलं नाही. छत्रीवाल्यांची भांडणं मिटली होती, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी गाणी एका मोठ्या खोक्यात घालून नव्यानं काढली होती, आणि रेणुकानं ते खोकं बापासाठी मागवलं होतं. तिनं फोनवर सांगितलं 'बॉक्स सेट', अण्णांनी केलं 'पेटी', आणि आम्ही ऐकली ती हार्मोनियम. तोवर शकुंतलाबाईंनी तीन गल्ल्यांत सांगून टाकलं होतं, आमच्या मंडळाला विलायती, बटणाची, आपोआप वाजणारी पेटी मिळतेय. वरच्या गल्लीतल्या मंडळाच्या बायकांची तोंडं कशी झाली तेही त्यांनी मला करून दाखवलं.

एकादशीच्या दुपारी मारुतीचं देऊळ गच्च भरलं. पेटीसाठी पाट मांडला होता, पाटाभोवती रांगोळी, बाजूला नारळ, हार. अण्णा ठेवणीतलं धोतर नेसून, कडेवर लेकरू घ्यावं तसं खोकं घेऊन आले. काळ्या चामड्यासारख्या जाड कापडानं मढवलेलं आणि त्यावर सोनेरी छत्री. शकुंतलाबाईंनी हळदीकुंकू वाहिलं, मारुतरायाच्या नावानं नारळ फुटला. अण्णांना वाटलं, काय हा मान! आम्हाला वाटलं, घडीची असणार, आतून उलगडत असेल.

अण्णांनी झाकण उघडलं. आत सीडीच्या तबकड्याच तबकड्या. शकुंतलाबाईंनी वाकून पाहिलं. "पट्ट्या कुटं हायत?"

"कसल्या पट्ट्या?"

"काळ्या-पांढऱ्या!"

अण्णांनी एक जाडजूड पुस्तक काढून दाखवलं. त्यात काळ्या-पांढऱ्या फोटोंत दाढी-जटा वाढवलेली पाच माणसं, एकानं तर पायघोळ झगा घातलेला. माझ्या सासूबाईंनी लांबूनच हात जोडले आणि विचारलं, "कुठले महाराज?" मग एक बोटाएवढी छत्री निघाली. ती खरोखर उघडत होती. का दिली होती ते देव जाणे. मग निघाली एक चकती, जिच्यावर म्हणे तेच गाणं होतं, पण सरावाचं, आणि मध्येच कुणीतरी खोकतो. "खोकला पण दिलाय," अण्णा अभिमानानं म्हणाले. "काही म्हणजे काही टाकून दिलं नाही त्यांनी."

मारुतीलासुद्धा अवघडल्यासारखं झालं असेल. शकुंतलाबाईंचा चेहरा लाल, मग पांढरा. "अण्णा, ह्ये खोकं हाय," त्या म्हणाल्या. "आमी पेटी म्हणत होतो. पेटी! वाजवायची!"

अण्णांनी आमच्याकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं, रांगोळीकडं पाहिलं. मग माझ्या फुसफुसणाऱ्या हार्मोनियमकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अय्यो," एवढंच म्हणाले आणि खोकं मिटायला लागले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना. मला पेटी मिळाली नव्हती याचा राग होता, नाही असं नाही. पण मी टँकरची वाट बघत वाढलेली बाई. हंडे घेऊन रांगेत उभं राहावं आणि आपला नंबर आला की पाणी संपावं, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी म्हटलं, "थांबा अण्णा. त्या दारामागं कोण आहे ते ऐकल्याशिवाय मी काही घरी जायची नाही."

"व्हय की," मागून कुणीतरी म्हणालं. "घरमालकच हाय का बघू तरी."

पण ऐकायचं कशावर? तबकडी लावायचं यंत्र आता कुणाकडं राहिलंय? एका मुलीनं लॅपटॉप आणला, त्याला तबकडी घालायची फटच नव्हती. शेवटी शकुंतलाबाईच फणकाऱ्यानं उठल्या आणि घरून त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर घेऊन आल्या. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती, असा तो कितीतरी वर्षं शोकेसमध्ये बसलेला. गणपती मारुतीशेजारी ठेवला, वायर लाउडस्पीकरला जोडली, आणि अण्णांनी बटण दाबलं.

निघाला तो माणूस घरातून. अण्णा आम्हाला मराठीतून सांगत होते, "आता नदी... आता नावाडी नाही म्हणतोय... आता डोंगर." बायकांनी वाती वळायला घेतल्या. ढोलकीवाल्या इंदूबाईनं मान हलवत मांडीवर ठेका धरला, "अगं, ह्यो तर आपला सात मात्रांचा रूपक हाय!" आणि ढोलकी पुढं ओढली. वाद्यं मनोरा चढायला लागली तशी वाती वळणारे हात थांबले. अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं.

टक टक टक, टक टक, टक टक.

टक टक टक, टक टक, टक टक.

टक टक टक—तबकडी अडकली! अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अय्यय्यो! इथंच? परत इथंच?" त्यावर शकुंतलाबाई उठल्या, पदर खोचला आणि प्लेअरच्या टाळूवर एक सणसणीत थापटी हाणली, जुन्या टीव्हीला हाणायचो तशी. प्लेअर दचकला आणि पुढं गेला.

दार करकरलं. सगळी वाद्यं थांबली. आणि आतून एक म्हातारा, दमलेला, साधा आवाज आला. इंग्रजीत दोनच शब्द. आम्हालासुद्धा कळले.

"कोण आहे?"

आणि गाणं संपलं.

मला वाटलं, संपलं, हा माणूस आता कोसळतो. उभा जन्म वाट पाहिली आणि आतून काय, तर प्रश्न! अण्णा स्पीकरकडं बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. मग खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मला कळलं, हा माणूस हसतोय. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. त्यांनी भजनाचा माईक उचलला, तोंडाशी धरला, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"मी! लच्छू! सोलापूर!"

देवळात नुसता हलकल्लोळ. इंदूबाईनं ढोलकीवर थाप मारली, शकुंतलाबाई हसता हसता रांगोळीवर बसल्या. खांबापाशी अक्का हसत होत्या की रडत होत्या ते पदरामुळं दिसलं नाही. एवढं मात्र ऐकू आलं, "एवढंच बोलायचं होतं, त्याला माझा जन्म घालवला ह्यांनी."

दुसऱ्या दिवशी अण्णा माझी हार्मोनियम उचलून घेऊन गेले आणि आठवड्यानं परत घेऊन आले. भाता ओढला, फुस्स झालं नाही. सूर कसा तुपासारखा आला. बघते तर फाटक्या घड्यांवर काळं जाड कापड चिकटवलेलं आणि त्यावर सोनेरी छत्री. त्या खोक्याचं कातडं सोलून त्यांनी भाता सांधला होता. मी कपाळावर हात मारला. "अहो, तुमची पेटी गेली की!"

"गेला कुठं?" अण्णा म्हणाले. "पेटीचा पेटी झाला." अजून मी भाता ओढला की छत्री उघडते, दाबला की मिटते. पावसाळ्यात भजनाला लोक म्हणतात, बाई, तुम्ही तेवढी उघडी ठेवा.

त्या एकादशीपासून अण्णा बोलायला लागले. कुणाच्याही दारी जावोत, सातात टकटक आणि आतून विचारलं, की लगेच, "मी, लच्छू. सोलापूर." सोलापुरातच राहून सोलापूर कशाला सांगायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "वैनी, दारामागचा माणूस परदेशी आहे. नीट पत्ता सांगितलेला बरा." अक्कांनाही दार उघडायला उशीर लावता येईना. सवयीनं "चहा गार झाला" मात्र म्हणायच्या, जरी चहा वाफाळता असला तरी.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. कुणाला काही त्रास नाही, कसली धावाधाव नाही. जन्मभर एवढं लांबण लावणारं गाणं ऐकलं, आणि स्वतःचा शेवट मात्र असा आटोपता केला. मला फार राग आला त्यांचा. अजून येतो.

त्यानंतर अक्का देवळात यायच्या थांबल्या. परवा एकादशी होती. मी म्हटलं, आज ओढूनच आणते, आणि गेले त्यांच्या दारी. बोटांनी आपसूक दार वाजवलं. टक टक टक, टक टक, टक टक. ऐकल्यावर माझं मलाच कळलं, काय केलं ते. आतून अक्कांचा आवाज आला, "कोण आहे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी, लच्छू. सोलापूर."

जीभ चावली मी. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. आत काहीच हालचाल नाही. आता ही बाई जन्मात तोंड बघायची नाही आपलं, असं म्हणत मी मागं वळणार, तोच कडी वाजली. अक्का दारात उभ्या. डोळे डबडबलेले, हात कमरेवर.

"या," त्या म्हणाल्या. "चहा गार झाला."